पाटे नसलेली गाडी आणि सोळा कट्टे धान

सानगडी, ता. साकोली, जि. भंडारा
दि. ५ डिसेंबर २०२३

प्रिय मित्र संघपाल यास,

तुझा जय भीम आधी आणि माझा रामराम त्याच्या मागून. (एस.टी. डेपोच्या गेटवर चौतीस वर्षं हाच क्रम होता, तू मुलाकडे पुण्याला जाऊन राहिलास म्हणून तो बदलायचं कारण नाही.) इकडे आम्ही सगळे बरे आहोत, धान बरं पिकलं, तलावात अजून पाणी आहे. तुझी शुगर काय म्हणते? रत्नमालावहिनींच्या गुडघ्यांना आता लिफ्टचा आधार मिळाला असेल. चिरंजीव प्रफुल्ल अजून त्या विलायती गाड्यांच्या वर्कशॉपातच आहे ना? त्याला माझा आशीर्वाद सांग, आणि जरा जोरात सांग. मी त्याचीच चौकशी एवढ्या मायेनं का करतो आहे, असा संशय तुला एव्हाना आलाच असेल. तू इलेक्ट्रिशियन माणूस, तुला सरळ वायरीतसुद्धा फॉल्ट दिसतो. पण आधी सगळं वाच.

फोन न करता पत्र लिहितो आहे, कारण माझा फोन मोठ्यानं बोलतो आणि मी त्याहून मोठ्यानं. ही हकीकत आमच्या भिंतीबाहेर जायला नको, आणि खरं सांगायचं तर भिंतीच्या आतही फार फिरायला नको.

तर आमचे जावई चंद्रकुमार (मेघाचे यजमान, तुमच्याच पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत आहेत, दिवसभर बसून राहतात आणि त्याचा पगार घेतात) यांनी सेकंडहँड विलायती गाडी घेतली. डोंगर चढते, नाला ओलांडते, वाळूत रुतत नाही, असे तिचे गुण. पुण्यात ती बिल्डिंगच्या तळघरात उभी असते. ह्या दिवाळीला ते दोघं ती घेऊन सानगडीला आले. गाडी आमच्या अंगणात येऊन थांबली ती बॉनेटच माझ्या छातीला लागेल एवढी उंच. मग चंद्रकुमारांनी आत कुठलंसं बटण दाबलं, फुस्स् करून आवाज झाला, आणि ती एवढी मोठी गाडी आमच्या आईसमोर हळूहळू खाली बसली. सगळी आळी जमली होती, पण कोणी जवळ जाईना. आई तेवढी काठी टेकत पुढं झाली, दाराला हात लावला आणि म्हणाली, "अरे, हे त माह्यासाठी बसली रे!" आणि कोणाचा हात न धरता आत जाऊन बसली. त्या दिवसभरात ती सात वेळा बसली आणि सात वेळा उतरली. आठव्या वेळेला मेघानं किल्ली लपवली.

तुला आमच्या आईचं माहीत आहे. शकुबाई म्हणजे डेपोत माझ्यापेक्षा तुझ्यासाठी जास्त डबा पाठवणारी बाई. तिला आता चौऱ्याऐंशी झाली. डोकं शाबूत, जीभ त्याहून शाबूत, फक्त गुडघे गेले. तिचं माहेर बपेरा, पार तिकडे तुमसरच्या पुढं, मध्य प्रदेशाच्या काठाला. तिथं तिचा एकच भाऊ उरला आहे, सोमाजीमामा, सत्त्याऐंशी वर्षांचा. दिवाळीनंतर बपेऱ्याची मंडई भरते (पुण्यातली भाजीची नव्हे, आपल्याकडची दंडारीची जत्रा), त्या मंडईला ती लग्न झाल्यापासून कधी चुकली नव्हती. तीन वर्षं झाली, चुकते आहे. कारण एस.टी.ची पायरी. संघपाल, ज्या एस.टी.च्या पोटाखाली मी चौतीस वर्षं काढली, तिची पायरी माझ्याच आईला चढता येत नाही. मागच्या वर्षी मी आणि कंडक्टर दोघांनी मिळून तिला उचललं, तर ती मधेच ओरडली की मी काय धानाचा कट्टा आहे का, आणि उतरून घरी चालत आली. तो दिवस मला लागला होता. कोणाला सांगितलं नाही, तुला सांगतो. तेव्हा ह्या वर्षी ती मंडईला जाणार, हे गाडी बसली त्या क्षणीच घरात ठरलं. मामाचे दिवस किती उरलेत कोणी सांगावं, आणि आईचे तरी.

आता मी त्या गाडीला नावं ठेवली नसती तर तू मला ओळखलं नसतंस. मी अंगणात सतरंजी टाकून तिच्याखाली शिरलो. गाडीचं वजन पेलणारे लोखंडी पाटे शोधले. पाटा नाही! आधी वाटलं चोरीला गेले. साधी स्प्रिंगसुद्धा नाही. प्रत्येक चाकापाशी एकेक रबरी फुगा, आपल्या एस.टी.च्या ट्यूबसारखा काळा, पण उभा. चंद्रकुमारांनी पायापाशी बसून (मी खाली, ते बाहेर, त्यांची फक्त चप्पल दिसत होती) मला समजावलं. एक छोटा कॉम्प्रेसर आहे, तो हवा तयार करतो. ती एका टाकीत साठते. तिथून वॉल्व्हचा एक ठोकळा ती चार फुग्यांना वाटून देतो. हवेतलं पाणी आत जाऊ नये म्हणून कॉम्प्रेसरजवळ एका डबीत दाणे भरलेले असतात, ते ओल शोषतात. जुने झाले की बदलायचे. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर बसवलेला, तो दर क्षणाला गाडीची उंची मोजतो आणि कॉम्प्युटरला जाऊन सांगतो. (असे दोन आपल्याही डेपोत होते, नावं लिहीत नाही.) उंची कमी झाली की कॉम्प्युटर हवा भरतो, जास्त झाली की सोडतो. नाल्यात जायचं तर बटण दाबून गाडी उंच करायची, म्हाताऱ्या माणसाला बसवायचं तर खाली. मी विचारलं, हे सगळं बिघडलं तर? ते म्हणाले, मग प्रफुल्लकडे न्यायची, तो लॅपटॉप लावून बघतो. मी म्हटलं, आम्ही पाट्याला हातोडा मारून आवाजावरून तडा ओळखायचो. ते "हो का" म्हणाले. ज्या माणसाला तुमची कीव येते तो "हो का" म्हणतो.

भाऊबीज झाली आणि त्यांच्या कंपनीचा निरोप आला की ताबडतोब या. दोघं नागपूरहून विमानानं गेले. गाडी ठेवून गेले, खास आजीच्या मंडईसाठी. डिसेंबरात इकडच्या एका लग्नाला येऊ तेव्हा नेऊ म्हणाले. जाताना चंद्रकुमारांनी मला चार गोष्टी सांगितल्या: जॅक लावायच्या आधी जॅकचं बटण दाबा, दाराच्या चौकटीवर चिठ्ठी चिकटवली आहे त्याहून जास्त वजन घालू नका, पिवळा दिवा लागला तर थांबा, लाल लागला तर हात लावू नका. मी मान हलवली. जावई बोलत असताना सासऱ्यानं मान हलवायची असते. ऐकायचंच असतं असं कुठं लिहिलेलं नाही.

आता मूळ गोष्ट. आईच्या माहेरची रीत अशी की मंडईला बहीण येते ती नव्या धानाचे तांदूळ घेऊन, आणि त्याच तांदळाचा भात दोघं भाऊबहीण एका ताटात जेवतात. तीन वर्षांचा खंड पडलेला, तेव्हा ह्या वर्षी तांदूळ आपल्याच शेताच्या बांधीतला हवा, आणि मंडईच्या आधी भरडून हवा. आमचं हलकं, लवकर येणारं धान नुकतंच निघालं होतं. म्हणजे मला गिरणीत एक कट्टा न्यायचा होता. (कट्टा म्हणजे चाळीस किलोचं पोतं. तू पुणेकर झालास, तिथं कट्ट्यावर लोक बसून गप्पा मारतात असं मेघा सांगते, म्हणून खुलासा.) गावात एकही ट्रॅक्टर रिकामा नव्हता, सगळ्यांचीच मळणी चाललेली. म्हटलं, गाडी उभीच आहे, एक कट्टा टाकू.

एक कट्टा टाकला आणि मी सवयीनं मागं जाऊन गाडी किती दबली ते पाहिलं. तुला सांगायला नको, आपल्या भागात वजन काट्यावर नाही, पाट्यावर मोजतात. बैलगाडी असो, टेम्पो असो, माणूस भरत जातो आणि मधूनमधून वाकून बघतो. पाटा सरळ झाला की म्हणतो, बस कर. आपला सगळा जिल्हा असाच भरतो आणि असाच थांबतो. तर ही गाडी दबलीच नाही. म्हणजे जराशी दबली, पण मी वाकेपर्यंत खालून घर्र् झालं आणि ती पुन्हा होती तिथं आली. मला वाटलं, हिला तर पत्ताच लागला नाही. मग जायचंच आहे गिरणीत तर एकासाठी काय जायचं? दोन टाकले. घर्र्. वर. चार टाकले. घर्र्. वर. सहाव्याला मागच्या सीटा आडव्या केल्या. तोवर गुलाब पंक्चरवाला (बाजारचौकातला, तू गेल्यावर त्यानं दुकान टाकलं) आणि माजी सरपंच भैयाजी येऊन उभे राहिले. भैयाजींना गाडीतलं काही कळत नाही, म्हणून ते समजावून सांगत होते. म्हणाले, "हे विलायती आहे, इले वजन मालूमच पडत नाही. टाका बिनधास्त."

आठ टाकले, दबली नाही. दहा टाकले, दबली नाही. मला आता तिचा राग यायला लागला होता. चौतीस वर्षांत असं वाहन पाहिलं नव्हतं जे माझ्यासमोर दबत नाही. मी म्हटलं, दबेल कशी नाही! बाराव्या कट्ट्यानंतर समोर पिवळा दिवा लागला, त्यात गाडीचं छोटं चित्र आणि बाण. बाणाचं टोक वर होतं. वर म्हणजे चांगलंच असणार, असं भैयाजींचं मत पडलं आणि ते मला पटलं. असे सोळा कट्टे झाले. गाडी जशीच्या तशी, नव्या नवरदेवासारखी ताठ. वर आम्ही तिघं बसलो. आत्ता लिहिताना मला समजतं आहे की तो बिचारा कॉम्प्रेसर प्रत्येक कट्ट्याला छाती फोडून हवा भरत होता, आणि आम्ही ती दबायची वाट पाहत होतो. दबणं म्हणजे गाडीनं नाही म्हणणं. हिला नाही म्हणायलाच शिकवलेलं नाही. विलायतेत माणसं चिठ्ठी वाचून थांबत असतील. आपल्याकडे गाडीनंच सांगावं लागतं.

गिरणीच्या अलीकडं शाळेजवळ गतिरोधक आहे. मी हळूच घेतला, शप्पथ. मागच्या डाव्या बाजूला फट् असा आवाज झाला, गाडीखालून जळक्या रबराचा वास आला, आणि ती बाजू बसली. मग कॉम्प्युटरनं न्याय केला. एक बाजू खाली तर बाकीच्यांनी कशाला वर राहायचं, म्हणून त्यानं उरलेल्या तिन्ही बाजूंची हवा सोडून दिली. म्हैस डोहात बसते तशी गाडी भर रस्त्यात बसली. लाल दिवा लागला. शाळेची मधली सुट्टी होती, तेव्हा प्रेक्षक भरपूर होते. भैयाजी कधी उतरून गेले ते कोणाला दिसलं नाही.

धान उतरवून बैलगाडीनं गिरणीत पोचवलं. गाडीत सांडलेलं मी स्वतः हातझाडूनं झाडून काढलं, एक दाणा ठेवला नाही. मग जॅक लावला. बटण दाबायचं राहिलं, कारण मी चिंतेत होतो. मी डावी बाजू उचलली तर त्या कॉम्प्युटरला वाटलं, ही बाजू फारच उंच झाली, म्हणून त्यानं तिकडची उरलीसुरली हवाही सोडून दिली. जॅक काढल्यावर गाडी पहिल्यापेक्षा खाली गेली आणि माझी उजवी चप्पल तिच्याखाली अडकली. (मी आत नव्हतो. लाकडी ठोकळे लावल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही हे आपणच पोरांना शिकवलं, तेवढं पाळलं.) भर दुपारी एका पायात चप्पल घालून मी गावातून घरी गेलो. आईनं दारातूनच पाहिलं. फक्त म्हणाली, "परवा मंडई आहे, परसराम." मला इतकं वाईट वाटलं की मी जेवलो नाही. जेवलो, पण कमी जेवलो.

नागपूरच्या एका माणसाला फोन लावला. तो म्हणाला, स्कॅन करावी लागेल, ट्रकवर घालून आणा, पार्टला सहा आठवडे लागतील. मी म्हटलं, अहो, गाडीचं दुखतंय कुठं ते तरी विचारा. तो म्हणाला, ते आम्ही नाही विचारत, मशीन विचारते. शिवाय सहज बोलता बोलता सांगितलं की गाडीचा कॉम्प्युटर सगळं लिहून ठेवतो: कॉम्प्रेसर कधी तापला, कितव्या किलोमीटरला, किती वेळ चालला. हे ऐकल्यापासून मला झोप नाही. आपल्या डेपोत निदान लॉगबुकाची पानं फाटायची.

मग शेवटी पंक्चरवालाच उपयोगाला आला, आणि हे मी कबूल करतो. गुलाबनं साबणाचं पाणी केलं, फडक्यानं प्रत्येक फुग्याला आणि नळीला लावलं, आणि स्वतःच्या कॉम्प्रेसरनं हवा मारून बुडबुडे शोधले. निकाल असा: मागच्या डाव्या फुग्याची नळी सांध्यातून निसटली होती, ती फट्. त्याच फुग्याच्या घडीत बारीक तडे गेलेले, तिथून हवा झिरपते. गाडीचा कॉम्प्रेसर जळून मेला. मी म्हटलं, तड्यावर ट्यूबचा पॅच मार. त्यानं नको म्हटलं, मी मारायला लावला, पाव तासात सुटला. "काकाजी, हे ट्यूब नोहोय. हे पोटावानी हालते, यावर पॅच टिकते काय?" पोरगा शहाणा आहे. मग युक्ती त्यानंच काढली. वॉल्व्हच्या ठोकळ्यातून चारही नळ्या सोडवल्या आणि प्रत्येक नळीच्या टोकाला टायरचा वॉल्व्ह बसवला. आता गाडीला कॉम्प्युटरची गरज नाही. वर करायची तर चारी वॉल्व्हना हवा मारायची, खाली बसवायची तर खिळ्यानं वॉल्व्ह दाबायचा. फक्त मागचा डावा फुगा तासाला दोन बोटं बसतो, तेव्हा हवा घेऊन कोणीतरी सोबत पाहिजे. त्या कोणीतरीला मंडईच्या दंडारीतला नाचगाण्याचा खेळ बघायचा होता.

अशी आमची वरात बपेऱ्याला निघाली. पुढं आई, मांडीवर तांदळाची पिशवी. मी चालवायला. मागं गुलाब, त्याचा बॅटरीवर चालणारा पंप, खिळा आणि साबणाच्या पाण्याची बादली. समोर लाल दिवा रस्ताभर लागलेला, त्यावर आईनं पदराचं टोक टाकून ठेवलं होतं. साकोलीपर्यंत एकदा थांबलो, तुमसरपर्यंत तीनदा. सिहोऱ्याच्या वळणावर बादली लवंडली आणि गुलाबची पँट भिजली. डिक्कीतला गालिचाही भिजला असेल, पण उन्हाचं वाळतं म्हणून लक्ष दिलं नाही. लोक वळून बघत होते. त्यांना वाटत असेल, केवढी मोठी गाडी आणि हवा भरायला माणूस ठेवलाय, कोणीतरी मोठा असामी असणार.

बपेऱ्यात मामाच्या दारात गाडी उभी केली आणि मी ओरडलो, सोड. गुलाबनं चारही बाजूंना फिरून खिळा दाबला आणि गाडी बसली. आई उतरली. सोमाजीमामा ओसरीवर खाटेत होता, त्याला दिसत कमी. ती जवळ जाऊन उभी राहिली. त्यानं तिचा हात चाचपून पाहिला आणि म्हणाला, "शकू? तू त बुढी झाली वं." आई म्हणाली, "अन् तू काय जवान राह्यला?" मग दोघंही रडले. मीही रडलो, लपवत नाही. गुलाब बिचारा बादली धुवायला गेला.

मामाही तीन वर्षांत अंगणाबाहेर गेला नव्हता. त्याला मंडईपर्यंत चालवत नाही. त्यानं गाडीकडं तोंड केलं आणि विचारलं, हे मलेही घेऊन जाईल काय? गाडी बसलेलीच होती. दोघांना मागच्या सीटवर बसवलं, गुलाबनं हवा भरली, आणि मंडईच्या मैदानात दंडारीच्या अगदी कडेला नेऊन मी पुन्हा ओरडलो, सोड. दुपारभर ते दोघं आत बसून दंडार ऐकत होते. तिला दिसत होतं ते ती त्याला सांगत होती, आणि निम्मं स्वतःचं घालून सांगत होती. मामीनं नव्या तांदळाचा भात तिथंच आणला. एका ताटात जेवले. सीटवर भात सांडला. मी पुसला नाही. जावयाची गाडी असली तरी काही गोष्टी पुसायच्या नसतात.

तर असं सगळं नीट पार पडलं. चंद्रकुमारांना मी फोनवर कळवलं की उभ्या गाडीची नळी उंदरानं कुरतडली. पुरावा असावा म्हणून नळीवर पकडीनं दातांच्या खुणा केल्या. गुलाब म्हणाला, "काकाजी, येवढे दात असन त तो उंदीर नाही, डुक्कर असन." म्हणून बारीक पकड घेऊन पुन्हा केल्या. जावई फोनवर "हो का" म्हणाले आणि आजीची तब्येत विचारली. गाडी आता घरामागच्या मांडवात ताडपत्रीखाली आहे. ते पंधरा तारखेला येणार. तेव्हा प्रफुल्लला सांग, एक कॉम्प्रेसर आणि मागचा डावा फुगा घेऊन त्यानं तेरा तारखेला इकडं यावं, लॅपटॉपसह. त्याच्या राहण्याजेवणाची काळजी आई करेल. आणि एवढ्यावरून आपल्या जुन्या वादात माझा पाटा हरला आणि तुझी वायर जिंकली असा अर्थ काढू नकोस. पाटा असता तर सहाव्या कट्ट्यालाच त्यानं मला थांबवलं असतं.

तुझा,
परसराम

ता.क. प्रफुल्लला एकट्याला गाठून सांग की लॅपटॉप लावल्यावर आधी ती कॉम्प्युटरनं लिहून ठेवलेली हकीकत पुसून टाकायची. पार्ट दुय्यम आहे. पत्र ह्यासाठीच लिहिलं. अख्ख्या नोकरीत मी तुला एकही फॉल्ट लपवायला सांगितला नाही. (जीपचा एक, पण तो तुझा होता.)

ता.क. २. कट्टे सोळा नव्हते, वीस होते. तुझ्यासमोरही चार कमी सांगितले. प्रफुल्लला खरा आकडा कळव, नाहीतर फुगा चुकीचा आणेल.

ता.क. ३. दि. ६. पाकीट चिकटवायचं राहिलं होतं ते बरं झालं. चंद्रकुमार आज सकाळीच येऊन दाखल झाले. मी पत्र सदऱ्यात कोंबून मागोमाग मांडवात गेलो. त्यांनी ताडपत्री काढली, नळीवरचे दात पाहिले. मग डिक्की उघडली. संघपाल, मी झाडूनसुद्धा गालिच्याच्या दोऱ्यांत धान राहिलं होतं. त्यावर बादली सांडली, वर ताडपत्रीची ऊब. अख्ख्या डिक्कीत चार बोटं उंचीचे धानाचे पऱ्हे, कोवळी पिवळसर रोपं, उभे होते, रोवणीला काढावेत असे. जावईबापू गुडघ्यावर बसले, त्यावरून हलकेच हात फिरवला आणि म्हणाले, "उंदीर धान खाते, हे मले मालूम होतं मामाजी. पेरते, हे आज समजलं."

तेव्हा कॉम्प्युटरची हकीकत पुसायचं राहू दे. फुगा तेवढा पाठव. आईनं सोमाजीमामाला संक्रांतीला यायचा शब्द दिला आहे.